सूर्याच्या आधीचा उजेड

यंदा पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, रात्री भाच्याने मला एक प्रश्न विचारला आणि माझी विकेटच काढली. नऊ वर्षांचा आहे, यंदा त्याचं पहिलं कम्युनिअन (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी), त्यामुळे कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, क्लासमधलं सगळं ताजं ताजं, आणि मोठ्यांना कुठे पकडता येईल हे शोधायची खाज तर जन्मजात. भर मिस्सात (चर्चमधली मुख्य उपासना) कानाजवळ येऊन, कुजबुज म्हणायची पण मागच्या दोन बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतो, "मामा, सूर्य चौथ्या दिवशी केला ना, मग पहिल्या दिवशी लाईट कुठून आली? जनरेटर होता का?"

मी म्हटलं, "गप बस, नंतर सांगतो." माहीत नसलं की मोठी माणसं म्हणतात तेच.

आता हा प्रश्न त्याला तेव्हाच का सुचला ते सांगायला ती रात्र कशी असते ते सांगावं लागेल, कारण वसईच्या बाहेरच्या माझ्या बऱ्याच मित्रांना ख्रिसमस माहीत असतो, गुड फ्रायडेची सुट्टी माहीत असते, पण गुड फ्रायडे आणि ईस्टर संडेच्या मधली ही शनिवारची रात्र कुणाला माहीतच नसते, आणि आमच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी रात्र तीच. नियम असा की अंधार पडल्याशिवाय सुरू करायचं नाही आणि उजाडायच्या आत संपवायचं. चर्चमधले सगळे दिवे बंद, पंखे पण बंद (एप्रिलमध्ये, वसईत, म्हणजे घामाचं विचारू नका), सगळी माणसं बाहेर आवारात हातात न पेटवलेली मेणबत्ती घेऊन उभी. बाहेर शेकोटी पेटवतात, फादर तिला आशीर्वाद देतात, मग ती मोठी पास्काची मेणबत्ती आणतात. तिच्यावर एक क्रूस कोरतात, वर आल्फा, खाली ओमेगा (ग्रीकमधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोपऱ्यांत त्या वर्षाचे चार आकडे, आणि धूपाचे पाच खडे खोचतात, येशूच्या पाच जखमा म्हणून. ती त्या नव्या आगीवर पेटवायची आणि मग तेवढी एकच ज्योत घेऊन काळ्याकुट्ट चर्चमध्ये शिरायचं. तीन ठिकाणी थांबून गातात, "ख्रिस्ताचा प्रकाश", आणि आम्ही सगळे, "देवाला धन्यवाद". त्या एका मेणबत्तीवरून पुढच्यांच्या पेटतात, त्यांच्यावरून मागच्यांच्या, असं करत करत मिनिटा-दोन मिनिटांत अख्खं चर्च हलत्या पिवळ्या उजेडाने भरून जातं.

ही मेणबत्ती मेणाचीच पाहिजे, दरवर्षी नवी पाहिजे आणि एकच पाहिजे, असं रोमने १९८८ साली लेखी कळवून ठेवलेलं आहे, इलेक्ट्रिकवाली चालणार नाही. मला हे वाचून फार बरं वाटलं, कारण बाकी सगळीकडे एलईडी आलेत. तबेर्नाकलजवळचा (ख्रिस्तप्रसाद ठेवतात ती पेटी) तो लाल दिवा, जो रात्रंदिवस जळायला पाहिजे, तोसुद्धा हल्ली कितीतरी ठिकाणी बल्बच असतो. त्या रात्री जे मोठं स्तुतिगीत गातात त्यात तर चक्क मधमाश्यांचा उल्लेख आहे, हे मेण त्यांच्या कष्टाचं म्हणून. एवढ्या गंभीर रात्री मधमाश्यांना थँक्यू म्हणणारा धर्म माझा आहे याचा मला उगाच अभिमान वाटतो.

तर एक छोटी गोष्ट. मेणबत्ती पेटवून द्यायची एक पद्धत असते, आमच्या पॅरिशमधले व्हॉलंटिअर दरवर्षी ओरडून ओरडून सांगतात तरी निम्मे लोक चुकतात. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, विझलेली वाकवायची. उलटं केलं की पेटलेलीतलं वितळलेलं मेण समोरच्याच्या हातावर, नाहीतर पुढच्या बाईच्या नव्या साडीवर, आणि पास्काच्या रात्री भांडण. लहानपणी मला हा नुसता साडी वाचवायचा नियम वाटायचा. आता दरवर्षी ते वाकणं बघताना कसंतरीच होतं, चांगल्या अर्थाने. ज्याच्याकडे नाही त्याने थोडं वाकायचं, ज्याच्याकडे आहे त्याने फक्त स्थिर राहायचं. आणि ज्याने दिली त्याची ज्योत अजिबात लहान होत नाही.

याच्याशी जुळणारी एक जुनी गोष्ट आहे, ३२५ साली निकेआला मोठी धर्मपरिषद भरली होती, आताचं तुर्कस्तानातलं इझनिक. आलेक्झांड्रियाचा आरियस नावाचा धर्मगुरू म्हणत होता की पुत्र, म्हणजे येशू, हा पित्याने निर्माण केलेला, म्हणजे कितीही मोठा असला तरी देवापेक्षा खालचाच. त्यावर परिषदेने जो विश्वासाचा मजकूर ठरवला त्यात दोन शब्द आहेत, "प्रकाशापासून प्रकाश". दर रविवारी आपण ते एका दमात म्हणून टाकतो, पुढे कोणतं गाणं आहे ते पुस्तकात शोधत. पण बघा ना, एका ज्योतीवरून दुसरी पेटवली तर दुसरी पहिलीपेक्षा कमी आहे का? नंतरची आहे म्हणून डुप्लिकेट आहे का? दोन्हींत आग एकच. १७०० वर्षं झाली त्याला. एवढं अवघड थिऑलॉजी आणि उदाहरण बिचाऱ्या मेणबत्तीचं.

असो, भाच्याचा प्रश्न राहिला. सगळ्यांच्या मेणबत्त्या पेटल्या, ते लांबलचक स्तुतिगीत झालं, मग मेणबत्त्या विझवून आम्ही बसतो आणि वाचनं सुरू होतात, जुन्या करारातली सात असतात (बऱ्याच पॅरिशमध्ये कमी करतात, लोक झोपतात म्हणून), आणि पहिलंच वाचन उत्पत्तीचा पहिला अध्याय. देव बोलला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला. तो पहिला दिवस. मग आकाश, मग जमीन आणि झाडंझुडपं, आणि सूर्य-चंद्र थेट चौथ्या दिवशी. मी हे लहानपणापासून दरवर्षी ऐकतोय, तिशी उलटली, पण एकदाही मला ते खटकलं नव्हतं. नऊ वर्षांच्या पोराला खटकलं.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या आधी त्याला काहीतरी उत्तर द्यायला पाहिजे म्हणून रात्री घरी आल्यावर मी वाचत बसलो, आणि मग एप्रिलभर लोकलमध्ये विरार ते अंधेरी तेच वाचत होतो.

हा प्रश्न जुनाच निघाला. चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने सहा दिवसांच्या निर्मितीवर प्रवचनं दिली होती, त्यात तो हेच म्हणतो की उजेड वेगळा आणि उजेड ज्यात ठेवलाय ते भांडं वेगळं, सूर्य म्हणजे नुसता दिवा आहे, प्रकाश त्याच्या आधीचा. ऑगस्टीनने वेगळाच विचार केला, त्याला वाटलं पहिल्या दिवसाचा प्रकाश म्हणजे डोळ्यांना दिसणारा उजेड नसावाच, तिथे देवदूतांची निर्मिती सांगितली असावी. मला स्वतःला तिसरं स्पष्टीकरण सगळ्यात आवडलं. बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे की हा अध्याय आज आहे त्या रूपात बाबिलोनच्या बंदिवासाच्या आसपास आला, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराला. म्हणजे विचार करा, यरुशलेम जळालेलं, मंदिर पाडलेलं, आपण गुलाम म्हणून परक्या शहरात, आणि त्या शहरात सूर्य हा देव आहे, शमाश त्याचं नाव. आणि यहुद्यांच्या भाषेत सूर्याला शब्द होता शेमेश, जवळपास तेच नाव. तर लिहिणाऱ्याने काय केलं, सूर्याचं नावच घेतलं नाही. "मोठी ज्योती" आणि "लहान ज्योती" एवढंच म्हणतो. दोन दिवे लटकवले, एक दिवसाला, एक रात्रीला, विषय संपला. मालकाचा देव म्हणजे आमच्या देवाने चौथ्या दिवशी लावलेला बल्ब! गुलामाने केलेली यापेक्षा भारी थट्टा मी तरी वाचलेली नाही.

म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेत ज्याला दिव्य प्रकाश म्हणतात तो अगदी पहिल्या पानापासून सूर्यावर अवलंबून नाही. तो कुठल्या वस्तूतून येत नाही, देवाच्या बोलण्यातून येतो. हे एकदा लक्षात आलं की पुढचं बरंच उलगडतं.

इथे एक तक्रार करून घेतो. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी फोटो येतात, ढगांतून किरणं खाली आलीत, मध्ये क्रूस, खाली गुलाबी अक्षरात गुड मॉर्निंग. शिवाय अमक्याला प्रार्थनेत मोठा प्रकाश दिसला, तमकीच्या खोलीत लाईट आला, असे व्हिडिओ. कुणाच्या अनुभवाला मी खोटं म्हणणार नाही, मला काय माहीत. पण सगळ्यांना तो प्रकाश बघायचा असतो, फटाक्यांच्या आतषबाजीसारखा. आणि बायबल उघडून बघितलं तर ज्यांना ज्यांना तो खरंच दिसला त्यांची पहिली प्रतिक्रिया "वा, काय छान" अशी क्वचितच. तोंडावर पडलेत, घाबरलेत, नाहीतर आंधळे झालेत.

शौलाचंच घ्या, पुढे जो संत पौल झाला. दमास्कसला निघालाय, जुन्या मराठी बायबलात दिमिष्क, ख्रिस्ताच्या माणसांना बांधून आणायचं वॉरंट खिशात, स्वतःबद्दल शंभर टक्के खात्री की मी देवाचंच काम करतोय. भर दुपारी सूर्यापेक्षा जास्त उजेड पडतो आणि हा खाली. उठतो तर दिसत नाही. तीन दिवस काही दिसत नाही, खाणं नाही पिणं नाही. माणसं हाताला धरून नेतात, सरळ नावाच्या रस्त्यावरच्या एका घरात (हा रस्ता दमास्कसच्या जुन्या शहरात आजही आहे बरं का). मग हनन्या येतो, ज्यांना धरायला हा निघाला होता त्यांच्यातलाच एक, आणि पहिला शब्द काय, "भावा शौला". तेव्हा डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी पडतं. मला नेहमी वाटतं की इथे नुसता तो आकाशातला झोत धरून चालत नाही. त्याने शौलाला फक्त आंधळं केलं. दिसायला लागलं ते हनन्याने हात ठेवल्यावर.

आता योहानाचं शुभवर्तमान. प्रकाशाबद्दल बोलायचं तर याच्याशिवाय पर्याय नाही, पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की प्रकाश अंधारात चमकतो आणि अंधाराने त्याला... पुढचं क्रियापद ग्रीकमध्ये असं आहे की त्याचे दोन अर्थ होतात, एक म्हणजे पकडून गिळून टाकणं, दडपणं, आणि दुसरा म्हणजे समजून घेणं. इंग्रजी भाषांतरवाले यावर भांडत आलेत, कुणी एक घेतो कुणी दुसरा. मी ट्रेनमध्ये याच्यावर डोकं खाजवत होतो आणि एकदम ट्यूब पेटली की अरे, मराठीत आपल्याकडे नेमका हाच शब्द आहे, ग्रहण! सूर्याला ग्रहण लागतं आणि विद्यार्थी ज्ञान ग्रहण करतो. अंधाराला त्या प्रकाशाचं ग्रहण करता आलं नाही आणि त्या प्रकाशाला अंधाराचं ग्रहण लागलं नाही, एकाच शब्दात दोन्ही. बोरिवली आलं कधी कळलं नाही.

आणि योहानाने रात्र कशी वापरलीय बघा. निकदेम येशूकडे येतो तो रात्री, लपून. शेवटच्या भोजनात येशूला पकडून देणारा यहूदा भाकरीचा घास घेऊन बाहेर पडतो आणि योहान पुढे तीनच शब्द लिहितो, तेव्हा रात्र होती. कुठल्याही सिनेमावाल्याने शिकावं.

येशू जिथे म्हणतो "मी जगाचा प्रकाश आहे" तिथली जागा पण कळली की मजा वाढते. आठव्या अध्यायात सांगितलंय की हे तो मंदिरात खजिन्याजवळ बोलला, आणि आधीच्या अध्यायापासून मंडपांचा सण चाललेला आहे. या सणाबद्दल यहुद्यांच्या मिश्नामध्ये, म्हणजे त्यांच्या जुन्या नियमसंग्रहात, वर्णन आहे की स्त्रियांच्या अंगणात, म्हणजे खजिना होता तिथेच, मोठमोठ्या सोन्याच्या समया रात्री पेटवायचे, शिड्या लावून तरुण याजक त्यात तेल ओतायचे, आणि वाती कशाच्या, तर याजकांच्या जुन्या झालेल्या विजारी आणि कमरपट्टे फाडून केलेल्या! यरुशलेममधलं एक अंगण असं नव्हतं म्हणे जे त्या उजेडात उजळलं नाही. अशा समयांच्या सावलीत उभं राहून गालीलमधला एक सुतार म्हणतो की मी जगाचा प्रकाश. या शहराचा नाही, या सणाचा नाही, जगाचा. लोक चिडले ते उगाच नाही चिडले. पण लगेच पुढे नवव्या अध्यायात तो काय करतो, जन्मांध भिकाऱ्याच्या डोळ्यांना थुंकीचा चिखल लावतो आणि शिलोआमच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. एवढ्या सोन्याच्या समया एकीकडे आणि हा चिखल एकीकडे. शेवटी आंधळ्याला दिसतं, आणि ज्यांना दिसत होतं ते धर्मपंडित चौकशी करून करून आणखी आंधळे होतात.

हे वाचताना मला सारखी आजी आठवत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दोन वर्षं ऑपरेशनला तयार नव्हती, "आता काय बघायचं राहिलंय" हे एकच पालुपद. शेवटी कसंबसं नेलं, झालं, पट्टी काढून घरी आणली, आम्हा सगळ्यांना वाटलं आता आजी नातवंडांचे चेहरे बघेल, वाडीतली केळी बघेल, डोळ्यांत पाणी येईल, आम्ही मोबाईल पण तयार ठेवला होता शूटिंगला. आजी घरात शिरली, वर बघितलं आणि म्हणाली, "एवढी जळमटं? कधीपासून आहेत ही?" मग भिंती, मग पंखा. मग येशूच्या पवित्र हृदयाचा फोटो, तो आमच्या घरोघरी असतो ना, समोर लाल झिरोचा बल्ब, त्याच्या काचेवर वर्षानुवर्षांचं काजळ आणि धूळ. त्याच्यासमोर ती रोज तेर्स, म्हणजे रोझरीची जपमाळ, म्हणायची. म्हणाली, "त्याचं तोंड एवढं काळं झालं आणि कुणी मला सांगितलं नाही." त्याच दिवशी खुर्चीवर चढायला निघाली पुसायला, आईने धरून ठेवलं.

योहानाच्या तिसऱ्या अध्यायात हेच आहे की, माणसांना प्रकाशापेक्षा अंधार जास्त आवडला कारण उजेडात आलं की आपली कामं दिसतात. दिव्य प्रकाश म्हटलं की आपण मनःशांती, समाधान, मस्त वाटणं वगैरे धरून चालतो. आजीच्या बाबतीत तरी पहिल्यांदा जळमटं दिसली. आणि गंमत म्हणजे ती त्या दिवशी फार खुश होती, घाण दिसली म्हणून वैतागलेली नाही, आता पुसता येईल म्हणून खुश.

आता ताबोर डोंगर. हे मला या सगळ्या वाचनात सगळ्यात नवीन मिळालं म्हणून जरा थांबतो. येशू पेत्र, याकोब, योहान या शिष्यांना डोंगरावर नेतो आणि तिथे त्याचा चेहरा सूर्यासारखा, कपडे प्रकाशासारखे पांढरे, ६ ऑगस्टला आपण हा सण करतो. चौदाव्या शतकात यावरून ग्रीक चर्चमध्ये जबरदस्त वाद झाला. ग्रीसमधल्या आथोस डोंगरावरचे संन्यासी हनुवटी छातीला टेकवून, श्वासाच्या लयीत येशूचं नाव घेत तासन् तास बसायचे (आपल्याकडे कुणाला सांगितलं तर लगेच कळेल, नामस्मरणच की) आणि म्हणायचे की ताबोरवरचा तोच प्रकाश आम्हाला भेटतो. बार्लाम नावाच्या एका विद्वानाने त्यांची खिल्ली उडवली, यांचा आत्मा बेंबीत असतो म्हणाला. त्यांच्या बाजूने उभा राहिला ग्रेगरी पालामास. त्याचं म्हणणं, देव स्वतः आतून काय आहे ते माणसाला कधीच कळणार नाही, पण देव जे स्वतःमधून देतो ते खरंच देवच आहे, आणि तो प्रकाश बनवलेला नाही, अनिर्मित आहे. १३४१ आणि मग १३५१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला परिषदा झाल्या आणि पालामासची बाजू मान्य झाली. आम्हा रोमन कॅथलिकांच्या क्लासमध्ये हे कुणी शिकवत नाही, आमची परंपरा वेगळ्या वळणाने गेली.

पण त्यातलं एक वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, शब्द माझे आहेत: त्या दिवशी डोंगरावर येशू बदललाच नाही. तो कायम तसाच होता, मासे खाताना, होडीत झोपलेला असताना, धुळीत चालताना. बदलले ते त्या तिघांचे डोळे, तेवढ्यापुरते. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि डब्यातल्या लोकांकडे बघत राहिलो बराच वेळ. समोरचा माणूस जागा अडवून बसला होता, त्याच्याकडे पण.

पेत्राला अर्थातच तिथेच राहायचं होतं, तीन मंडप बांधूया म्हणाला. मिळालं नाही. खाली उतरले तर पायथ्याशी एक बाप फिट येणाऱ्या मुलाला घेऊन उभा.

मदर तेरेसांबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. १० सप्टेंबर १९४६, दार्जिलिंगच्या ट्रेनमध्ये त्यांना बोलावणं आलं, आणि त्या काळात त्यांनी जे ऐकलं त्यात हे होतं की ये, माझा प्रकाश हो. त्या गेल्या, कोलकात्याच्या झोपडपट्टीत काम सुरू केलं, आणि काम सुरू झालं त्याच सुमाराला आतला प्रकाश गेला. गेला म्हणजे गेलाच. १९५८ मध्ये काही आठवडे सोडले तर १९९७ मध्ये जाईपर्यंत जवळजवळ सगळा काळ प्रार्थनेत कोरडेपणा आणि अंधार. बाहेर कुणालाही पत्ता नाही, जवळच्या सिस्टर्सनाही नाही, २००७ मध्ये पत्रांचं पुस्तक आलं तेव्हा ते जगभर पोचलं. माझ्या ऑफिसातल्या एकाने तेव्हाची बातमी आठवून मला सुनावलं होतं, "म्हणजे त्यांचाच विश्वास नव्हता." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही.

यात आपल्या पुण्याचा एक धागा आहे. ज्या मोजक्या धर्मगुरूंजवळ त्यांनी हे मोकळं केलं त्यातले एक फादर जोसेफ नॉयनर, ऑस्ट्रियन जेझुइट (येशूसंघाचे धर्मगुरू), आयुष्य पुण्यात थिऑलॉजी शिकवण्यात गेलं, २००९ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी पुण्यातच वारले. १९६१ च्या सुमाराला त्यांनी मदरना समजावलं की हा अंधार म्हणजे तुमची चूक नाही, देवाची एवढी तहान लागते हीच तो असल्याची खूण आहे, आणि हा अंधार तुमच्या कामाचाच भाग आहे. त्यानंतर मदरनी लिहिलं की अकरा वर्षांत पहिल्यांदा मला या अंधारावर प्रेम करता आलं. अंधार गेला नाही. आणि नंतर एकदा असंही लिहिलं की मी कधी संत झालेच तर अंधाराची संत होईन, स्वर्गात थांबणारच नाही, पृथ्वीवर अंधारात असलेल्यांचे दिवे लावत फिरेन. २०१६ मध्ये झाल्या संत.

निर्गमच्या पुस्तकात मोशे सिनाय डोंगरावरून खाली येतो तेव्हा त्याचा चेहरा चमकत असतो, लोक जवळ यायला घाबरतात. आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की मोशेला स्वतःला ते माहीत नव्हतं. कसं माहीत असणार, स्वतःचा चेहरा कुणाला दिसतो? ऑफिसातल्या त्या मित्राला मी आता हे सांगेन, पण त्याने कंपनी बदलली.

नगरकडची एक सहकारी आहे, आता अहिल्यानगर म्हणायचं, प्रॉटेस्टंट, तिला मी हे सगळं उत्साहात सांगितलं तर ती हसली. तुमचं कॅथलिक लोकांचं सगळं मेणबत्त्यांवर चालतं, म्हणाली, आमच्याकडे वचन हाच दिवा, स्तोत्र ११९. मी म्हटलं ते आमच्याकडे पण आहे. ती म्हणाली, आहे पण वाचता का? (बरोबर आहे तिचं.) मग तिनेच एक चांगली गोष्ट सांगितली, तिच्या आजोबांचं म्हणणं होतं, ते खेड्यात पाळक होते, की त्या ओळीत "पावलांकरिता दिवा" आहे, आणि त्या काळी दिवा म्हणजे हातातली मातीची पणती, तिच्यात जेमतेम पुढचं पाऊल दिसायचं, गाडीच्या हेडलाईटसारखं दोनशे मीटर पुढचं नाही. तिच्या आजोबांनी कंदील घेऊन वस्त्यावस्त्यांवर प्रार्थनेला जाऊन काढलेलं आयुष्य, त्यांना ते कळणारच.

आणि मेणबत्त्यांचं म्हणाल तर तेही पूर्ण खरं नाही. १९६९ मध्ये रोमने भारतातल्या मिस्सासाठी बारा बदलांना परवानगी दिली त्यात मेणबत्तीऐवजी तेलाचा दिवा चालेल हेही होतं. आमच्याकडे कार्यक्रमाला वर क्रूस असलेली समई असते, शेजारचे काका पहिल्यांदा बघून म्हणाले होते, अरे ही आमच्यासारखीच की. मी म्हटलं, वरचं टोक सोडून.

आजी गेली ती ऑपरेशननंतर तीन वर्षांनी. अंत्यविधीला पास्काची मेणबत्ती शवपेटीजवळ ठेवतात, तीच जी शनिवारच्या रात्री पेटवलेली असते, आणि त्याच मेणबत्तीवरून वर्षभर बाप्तिस्म्याची मेणबत्ती पेटवून बाळाच्या गॉडपेरेंट्सच्या हातात देतात. पावसाळा होता, चर्चचे दरवाजे उघडे, वारा नुसता येत होता, आणि फादर प्रवचन करत असताना माझं सगळं लक्ष त्या ज्योतीकडे, आता विझते का मग विझते. प्रवचनातला एक शब्द आठवत नाही. एवढं आठवतं की ती आडवी व्हायची, निळी व्हायची, जवळजवळ दिसेनाशी व्हायची, परत उभी राहायची. शेवटी एका पोराने जाऊन बाजूचा दरवाजा लावला.

तर पास्काच्या रविवारी दुपारी मटण आणि फुगे (पिठाचे तळलेले गोळे) हाणून झाल्यावर मी भाच्याला बोलावलं आणि म्हटलं, चल, तुझं उत्तर. बासिल सांगितला, गुलामांची गोष्ट सांगितली, ती त्याला फार आवडली, मोठ्ठा बल्ब म्हणून हसत सुटला. मग बायबल उलटं धरून शेवटची दोन पानं काढली, प्रकटीकरण २१ आणि २२, आणि त्यालाच वाचायला लावलं. नव्या नगरीला सूर्याची गरज नाही, चंद्राची नाही, कारण देवाचं तेज तिला उजळतं आणि कोकरा, म्हणजे येशू, तिचा दिवा आहे. म्हटलं, बघ, तुझ्या पहिल्या दिवशी सूर्य नव्हता तसा शेवटी पण नाही, सूर्य फक्त मधल्या पानांवर आहे, आणि आपण सध्या तिथे राहतो.

त्याने बोट ठेवून पुढचं वाचलं. "मामा, इथे लिहिलंय तिथे रात्रच नसणार?"

"नसणार."

"कधीच?"

"कधीच नाही."

तो जरा गप्प झाला. मला वाटलं पोरगं आता काहीतरी खोल विचारणार.

"मग झोपायचं कधी?"

ताई आतून ओरडली, "आत्ता झोप, रात्रभर जागलायस."